पिकअपचा टायर-प्रेशरचा दिवा आधी लुकलुकतो, मग पेटून राहतो. हवा तर बरोबर आहे

उत्तरा:
नमस्कार मंडळी. मी मिनेसोटात राहते. आमच्याकडे अर्ध्या टनाचा पिकअप आहे, दहा-अकरा वर्षं जुना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शोधाशोध केल्यावर कळलं की हे दुखणं सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांत येतं.

थंडी सुरू झाल्यापासून टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधल्या हवेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा, तो पिवळा, मधे उद्गारचिन्ह असलेला दिवा छळतोय. गाडी सुरू केली की मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटून राहतो. गेजने हवा मोजली. चारही चाकांत ३५ पीएसआय, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरही ३५च लिहिलंय. स्क्रीनवर कधी चारही आकडे दिसतात, कधी मागच्या डाव्या चाकाच्या जागी नुसत्या रेघा असतात, आणि मधूनच चारही ठिकाणी रेघा येतात. टायरवाल्याकडे गेले तर त्याने चाकांकडे न बघताच "चारही सेन्सर बदला" म्हणून सांगितलं. पैसे घालायला माझी ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय घालायचे नाहीत. कुणी वाट दाखवेल का?

सदाफुली:
थंडीमुळे असेल गं. आमच्याकडे शिकागोत दरवर्षी पहिल्या कडक थंडीत दिवा लागतो. हवा भरली की जातो.

चक्रधर:
सदाफुली, तुमचा दिवा आणि उत्तरांचा दिवा यांत फरक आहे, आणि सगळं तिथेच आहे. गाडी सुरू होताच दिवा लागला आणि न लुकलुकता तसाच राहिला, तर एखाद्या टायरमधली हवा उतरलीय. आधी साठ ते नव्वद सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे. हवेबद्दल तो काहीच सांगत नाहीये. एकाच दिव्यावर दोन्ही कामं भागवायची असतील तर असंच करायचं, असं अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १३८ या वाहन-सुरक्षेच्या नियमात लिहिलेलं आहे. त्यामुळे गाडी कुठल्याही कंपनीची असो, लुकलुकण्याचा अर्थ बदलत नाही.

थंडीचा हिशेबही देऊन ठेवतो, कारण तो दर हिवाळ्यात लागतो. पस्तीसच्या आसपास हवा असलेल्या टायरमध्ये तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. ७० अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ भरलेला टायर उणे १० अंशांत बाहेर रात्रभर उभा राहिला तर सकाळी २७-२८ दाखवणार. नियमाप्रमाणे स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के कमी झालं की दिवा लागायलाच हवा, म्हणजे ३५ला साधारण २६. बऱ्याच कंपन्या त्याच्या थोडं आधीच लावतात. शिकागोत तेच होतं.

आता उत्तरांचं दुखणं. प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, एक छोटा सेन्सर असतो. त्यात दाब आणि तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय का ते ओळखणारा भाग, एक लिथियम सेल आणि ट्रान्समीटर, सगळं रेझिन ओतून कायमचं बंद केलेलं. सेल बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षं चालतो आणि मग अख्खा सेन्सर टाकायचा. गाडी थोडा वेग घेते तेव्हा तो जागा होतो आणि साधारण मिनिटाला एकदा आपला ओळख क्रमांक, दाब आणि तापमान रेडिओवरून पाठवतो. इथल्या बहुतेक गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झवर, काहींत ४३३.९२वर. गाडीतला रिसीव्हर ते पकडतो आणि आपल्या यादीतल्या क्रमांकांशी ताडून बघतो.

तेव्हा "बिघाड" म्हणजे इतकंच, की यादीतल्या एखाद्या क्रमांकाचा संदेश ठरलेल्या वेळात आला नाही. सेन्सरचा सेल संपला असेल, किंवा सेन्सर बदललाय पण नवा क्रमांक यादीत नाही, किंवा रिसीव्हर नादुरुस्त आहे, किंवा सेन्सर बोलतोय पण दुसऱ्याच कशाच्या तरी गोंगाटात ते ऐकू येत नाही. चारही सेन्सर एकाच आठवड्यात मरणं फार दुर्मिळ. म्हणून चारही ठिकाणी रेघा येतात तेव्हा मी आधी चाकांकडे बघतच नाही.

काही गोष्टी सांगाल का? हल्ली टायर बदलले किंवा पुढचे-मागचे फिरवले आहेत का? रेघा थंड सकाळी जास्त येतात का? आणि चावीचं रिमोट पूर्वीइतक्याच लांबून चालतं का?

उत्तरा:
चक्रधर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. टायर जुनेच आहेत. उन्हाळ्यात ऑइल बदलताना त्यांनी टायर फिरवले होते, पण दिवा त्यानंतर बऱ्याच काळाने लागायला लागला.

मागच्या डाव्याच्या रेघा सकाळी हमखास असतात आणि कामावर पोचेपर्यंत बहुतेकदा आकडा येतो. चारही रेघांचं मात्र काही वेळापत्रक नाही.

रिमोटचं तुम्ही विचारलंत आणि चमकले. मी पूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी उघडायचे. हल्ली पार दाराशी जाऊन बटण दाबावं लागतं. चावीतला सेल संपत आला असेल असं समजून नवा घातला, तरी तेच.

वायरमन:
बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पण रेडिओ हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून लिहितो. रिमोटची ही खूण फार मोलाची आहे. पुष्कळ गाड्यांत रिमोट आणि टायरचे सेन्सर एकाच पट्ट्यात बोलतात आणि एकच रिसीव्हर दोघांचं ऐकतो. दोन्ही एकदम कमजोर झाले असतील तर दोष दोघांच्या सामाईक जागी आहे: रिसीव्हर, त्याचा अँटेना, किंवा आसपासचा गोंगाट.

गोंगाट कशाचा? गाडीत नंतर लावलेल्या वस्तूंचा. लायटरच्या सॉकेटातले स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅमचे अडॅप्टर, बाजारातून आणून बसवलेले एलईडी दिवे. हे सगळे गाडीची १२ व्होल्टची वीज आपल्याला हवी तशी करून घेताना विजेचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतात. आत नीट फिल्टर नसेल, कवच नसेल, तर त्याचे पडसाद शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत उमटतात. सेन्सरची ताकद ती काय? नाण्याएवढ्या सेलवर दहा वर्षं काढायची म्हणून तो मुळातच कुजबुजतो. रिसीव्हरपासून हातभर अंतरावर असला चार्जर बसला की संपलं.

गाडी घेतल्यानंतर तुम्ही काय काय जोडलंय ते सगळं काढा. बटणाने बंद करू नका, सॉकेटातून उपटून बाहेर ठेवा. पुष्कळ पिकअपमध्ये चावी काढल्यावरही सॉकेटात वीज असते, त्यामुळे उभ्या गाडीतही चार्जर ओरडतच राहतो. मग आधी रिमोट तपासा. त्याला गाडी चालवावी लागत नाही, निकाल लगेच हाती येतो.

उत्तरा:
डॅशकॅम! शरद ऋतूत बसवला. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग व्हावं म्हणून त्याचा अडॅप्टर फ्यूजबॉक्समधून कायमच्या विजेवर घेतलाय. आत्ता जाऊन काढते.

उत्तरा:
अडॅप्टर काढला आणि खिडकीतून गाडी उघडली. पुन्हा जोडला, उघडेना. दोनदा खात्री करून घेतली. वायरमन, तुमचे आभार कसे मानू?

आज तसंच चालवून आले. तीन चाकांचे आकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकले. मागच्या डाव्याच्या रेघा मात्र निम्म्या वाटेपर्यंत होत्या, मग ३६ दिसू लागले. दिवा अजून लुकलुकतोच आहे.

चक्रधर:
मस्त. म्हणजे दोन दोष एकावर एक बसलेले होते आणि त्यातला एक निघाला. टायरवाल्याने चार नवे सेन्सर घातले असते तरी डॅशकॅमने त्यांनाही झाकलंच असतं, आणि मग सेन्सरच खराब निघाले असं समजून पुन्हा तेच बदलले गेले असते.

उरलेला दोष म्हाताऱ्या सेलचा वाटतो. लिथियम सेल थंडीत मंदावतो, आतला रोध वाढतो, आणि संदेश पाठवायला एकदम प्रवाह ओढला की व्होल्टेज खाली बसतं. टायर चालून गरम झाला की तोच सेल परत तग धरतो. सकाळी रेघा आणि नंतर आकडा, हे त्याचंच लक्षण.

पण थांबा, मागच्या डाव्या चाकाला हात लावू नका. उन्हाळ्यात टायर फिरवले तेव्हा रिलर्न केलं होतं का? म्हणजे कुठला क्रमांक आता कुठल्या कोपऱ्यात आहे हे गाडीला नव्याने शिकवलं होतं का? ते केलं नसेल, आणि तुमची गाडी ते आपोआप ओळखणारी नसेल, तर स्क्रीनवरचं "मागचं डावं" म्हणजे पूर्वी मागे डावीकडे असलेलं चाक. ते आज कुठेही असू शकतं.

तपासणं सोपं आहे. प्रत्यक्ष मागच्या डाव्या चाकातून थोडी हवा सोडा, ३५चे ३० करा. मग एक चक्कर मारून या आणि कुठला आकडा उतरतो ते बघा.

टेक्सासी:
चक्रधर बोलले ते लाखमोलाचं आहे. माझा पाऊण टनाचा ट्रक आहे, आम्ही त्याला घोड्यांचा ट्रेलर जोडतो. स्टिकरवर पुढे ५५ आणि मागे ७०. टायर फिरवून दिले, हवा पुढे-मागे नीट केली, रिलर्न मात्र कुणी केलं नाही. दिवसभर ठीक, पण थंड सकाळी दिवा पेटायचा, न लुकलुकता. कारण पुढे आलेलं चाक गाडीच्या लेखी अजून मागचंच होतं. त्याच्याकडून तिला ७० हवे होते, म्हणजे ५२-५३च्या खाली गेलं की धोका. ५५चे थंडीने ५२ झाले की ती बिचारी ओरडायची. टायर बरोबर, हवा बरोबर, सेन्सर बरोबर, फक्त यादी चुकीची.

पुढे-मागे वेगळी हवा लागणाऱ्या सगळ्यांनी हे लिहून ठेवा.

उत्तरा:
मागच्या डाव्यातून हवा सोडली आणि स्क्रीनवर पुढच्या उजव्याचा आकडा उतरला! टेक्सासी, चक्रधर, तुम्ही म्हणता तेच झालंय, रिलर्न झालेलंच नाही.

चक्रधर:
मग गणित जुळलं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, फोर बाय फोर पिकअपमध्येही, बहुतेक जण मागची चाकं सरळ पुढे आणतात आणि पुढची तिरकी करून मागे नेतात. पुढचं उजवं मागे डावीकडे गेलं, ते तुम्ही आता पाहिलंत. त्याच हिशेबाने मागचं डावं सरळ पुढे आलं असणार. तुमचा आजारी सेन्सर पुढच्या डाव्या चाकात आहे. एकच सेन्सर बदलून मागितला असता तर दुकानदाराने मागचं डावं चाक उघडून चांगला सेन्सर कचऱ्यात टाकला असता.

शेवटची खात्री टूलने होते. हातात धरायचं यंत्र असतं, व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबलं की ते १२५ किलोहर्ट्झची हाक देतं आणि उभ्या गाडीतला झोपलेला सेन्सर जागा होऊन उत्तर देतो. बरं टूल क्रमांक, दाब, तापमान आणि पुष्कळदा सेलची अवस्थाही दाखवतं. अगदी स्वस्त मिळतात ती नुसती जागं करतात, काही वाचून दाखवत नाहीत, ती घेऊ नका. कुणाकडून तरी उसनं मिळालं तर उत्तम. थंड सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. दुपारी तपासलंत तर आजारी सेन्सरही शहाण्यासारखा उत्तर देईल.

सदाफुली:
मला एक कळत नाही. एवढ्या भानगडीपेक्षा सगळे सेन्सर काढून साधे रबरी व्हॉल्व्ह लावले तर? आपल्या बाबांच्या गाडीला कुठे होतं असलं काही?

चक्रधर:
सदाफुली, चालू स्थितीतली सुरक्षा यंत्रणा जाणूनबुजून निकामी करायला इथल्या संघीय कायद्याने दुकानांना मनाई आहे, त्यामुळे जबाबदार दुकान ते करणार नाही. पण कायदा बाजूला ठेवा. ही यंत्रणा आली कशी ते सांगतो.

ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोररवर होते. रस्त्याला टेकणारा वरचा पट्टा सुटून टायर फाटायचे आणि वेगातली गाडी उलटायची. दोनशेहून जास्त माणसं गेली. टायरच्या दोषाबरोबरच कमी हवेची, त्यातून टायर तापण्याची चर्चा तेव्हा खूप झाली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ट्रेड (TREAD) ॲक्ट हा वाहन-सुरक्षेचा कायदा केला, त्यातून १३८ क्रमांकाचा नियम आला, आणि सप्टेंबर २००७पासून १०,००० पौंडांपर्यंतच्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. कमी हवेचा टायर बाजूच्या भिंतीतून सतत वाकतो आणि आतून भाजत जातो. बाहेरून बघून आजच्या रेडियल टायरची हवा कळत नाही, २५ आणि ३५ डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात. मुलाबाळांना घेऊन हायवेला लागणाऱ्या माणसाने हा दिवा काढून टाकावा असं मी कधीच म्हणणार नाही. तो दुरुस्त करावा.

टेक्सासी:
+१. आणि उलट बाजूही सांगतो. ती १०,००० पौंडांची मर्यादा आहे ना, तिच्यावरच्या ट्रकना आणि मागे जोडचाकं असलेल्या ट्रकना हा नियम लागू नाही. म्हणजे सर्वांत जास्त ओझं ओढणाऱ्यांनाच सक्ती नाही. माझ्या भावाच्या एकटनी जोडचाकीला ही यंत्रणाच नाही. तो गेज घेऊन सहाही चाकं स्वतः मोजतो, आतलीसुद्धा.

मुळशीकर:
धागा आवडीने वाचतोय. मी पुण्याजवळ असतो, माझ्याकडे मालवाहू पिकअप आहे, भाजीपाला मार्केटयार्डात नेतो. त्याला कंपनीचं टीपीएमएस नाही. व्हॉल्व्हवर टोपीसारखे फिरवून बसवायचे सेन्सर ऑनलाइन मिळतात, ते घ्यावेत का? पंक्चरवाला म्हणतो नका घेऊ, हवा जाते.

वायरमन:
मुळशीकर, तुमच्या पंक्चरवाल्याचं म्हणणं अनुभवाचं आहे, पण त्यावर उपाय आहे. टोपीचा सेन्सर बसला की तो व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो, नाहीतर त्याला दाब कळणार कसा? म्हणजे हवा अडवणारी पिन निकामी, आणि सगळी भिस्त टोपीच्या आतल्या रबरी वॉशरवर. वॉशर कडक झाला किंवा टोपी सैल बसली की हवा गेलीच. बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं आणि वॉशर वेळोवेळी बदलायचा.

दुसरं, साध्या रबरी व्हॉल्व्हच्या टोकाला वजन आलं की वेगात तो बाहेरच्या बाजूला वाकतो आणि बुडाशी चिरतो. धातूचे व्हॉल्व्ह बसवून मगच टोप्या लावा. फायदा असा की त्यांचा बटण-सेल बदलता येतो. तापमानाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, टोपी बाहेर वाऱ्यात असते, टायरच्या आतली उष्णता तिला कळत नाही.

टेक्सासी:
आणि साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा साधारण ६५ पीएसआय असते. माल भरायचा म्हणून मागच्या चाकांत त्याहून जास्त हवा ठेवत असाल तर सेन्सर असो-नसो, धातूचाच व्हॉल्व्ह हवा.

मुळशीकर:
पंक्चरवाल्याला दोघांचंही वाचून दाखवलं, त्याला पटलं. आधी धातूचे व्हॉल्व्ह घालतो, मग टोप्या. धन्यवाद.

उत्तरा:
ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने टूल दिलं. भल्या सकाळी, गाडी न हलवता, चारही चाकांशी धरलं. पुढचं डावं: काहीच उत्तर नाही. बाकी तिघांनी लगेच दिलं, पण त्यांतल्या एकाचा सेलही कमी दाखवतोय. आता एक बदलू, दोन की चार?

सदाफुली:
चार. उरलेलेही त्याच वयाचे आहेत. एकेकासाठी टायर उतरवत बसायचं, दर वेळी मजुरी द्यायची.

टेक्सासी:
मी एकच बदलला असता. उरलेले अजून दोन-तीन हिवाळे काढतीलही. चालू वस्तू फेकायला मला जिवावर येतं.

चक्रधर:
हे टायरवर अवलंबून आहे. नक्षी किती उरलीय? टायर एक-दोन वर्षांत बदलायचेच असतील तर आता नवे टायर आणि चारही सेन्सर एकाच वेळी करा, टायर एकदाच उतरतील. टायर नवेकोरे असते तर मी टेक्सासींच्या बाजूने असतो.

नवे सेन्सर घेताना दोन वाटा आहेत. कोरे, प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर असतात, त्यांच्यावर टूलने जुन्याच सेन्सरचा क्रमांक लिहिता येतो. मग गाडीला बदल कळतच नाही, तिला काही शिकवायला नको. पण तुमच्या मेलेल्या सेन्सरचा क्रमांक वाचता येणार नाही, आणि तुमची यादी तशीही फिरलेली आहे. तेव्हा नवे क्रमांक घेऊन पूर्ण रिलर्नच करा.

त्याच्या पद्धती कंपनीगणिक वेगळ्या आहेत आणि इथेच लोक फसतात. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये शिकण्याची अवस्था सुरू केली की हॉर्न वाजतो, मग पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं या क्रमाने टूल धरायचं, प्रत्येक चाकाला हॉर्न पोच देतो. फोर्डच्याही पुष्कळ मॉडेलांत क्रम हाच, फक्त त्या अवस्थेत जायचा मार्ग वेगळा. टोयोटाच्या अनेक वर्षांच्या मॉडेलांत क्रमांक स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमधून, म्हणजे गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायच्या सॉकेटातून, लिहावे लागतात. त्यांचं जे "सेट" बटण असतं, ते हवेचा पायाभूत आकडा ठरवायला आहे, नवा सेन्सर ओळखायला नाही. ते बटण दाबत बसून दिवा जात नाही म्हणून वैतागलेले लोक मी फार पाहिलेत. आणि काही गाड्या थोडा वेळ चालवल्या की आपोआप शिकतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच प्रमाण माना.

दुकानदाराला सांगायच्या गोष्टी: टायर उतरवताना टायरची कडा रिमपासून सुटी करायचं यंत्र व्हॉल्व्हपासून लांब लावा, नाहीतर सेन्सर तिथेच मोडतो. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा दिलेलीच पिन घाला, पितळेची साधी नको, टोपीही पितळेची नको. दोन वेगळे धातू आणि तुमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ एकत्र आलं की ॲल्युमिनियम सडतं. आणि पंक्चर काढायला डब्यातला फेस मारत असाल तर पुढे टायर उघडताना सेन्सर पुसून घ्या, त्याचं दाबाचं भोक बारीक असतं, चिकटून बंद होतं.

उत्तरा:
काम झालं. नक्षी झिजलेलीच होती म्हणून टायर आणि चारही सेन्सर बदलले. या वेळी दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या मुलाला तुमचं सगळं सांगितलं तर तो खूश झाला, इतकं विचारून येणारं गिऱ्हाईक त्याला मिळत नाही म्हणाला. त्याने मला आत उभं राहून बघू दिलं.

पुढच्या डाव्या चाकाची टोपी निघेचना. पक्कड लावली तर टोपीबरोबर व्हॉल्व्हचं टोकच तुटून हातात आलं आणि सगळी हवा फुस्स करून गेली. तुटलेल्या जागी ॲल्युमिनियम राहिलंच नव्हतं, पांढरी-हिरवट भुकटी नुसती, बोटाने खरवडली तर गळून पडत होती. आत पितळेची पिन होती, मधल्या कुठल्या तरी दुरुस्तीत कुणीतरी घातलेली. चक्रधर, तुम्ही ते लिहिलं नसतं तर मला ती भुकटी कशाची ते कळलंही नसतं. हे हायवेवर तुटलं असतं तर काय, या विचाराने अजून कसंतरी होतं.

आमच्या हवेचा दाब ३५च असल्यामुळे टेक्सासींनी सांगितलेली ६५ची मर्यादा बघून रबरी व्हॉल्व्हचे सेन्सर घेतले, मिठाची चिंता नको. रिलर्नही त्याने माझ्यासमोर केलं. मी घरी येऊन पुन्हा एकेका चाकातून थोडी हवा सोडून ताडलं, चारही आकडे आपापल्या जागी आहेत. दिवा सुरुवातीला क्षणभर लागून विझतो.

टेक्सासी:
तो क्षणभर लागायलाच हवा, बल्ब शाबूत आहे की नाही ते त्यावरून कळतं. अभिनंदन!

वायरमन:
डॅशकॅमचं काय केलंत? तो काढून टाकायची गरज नाही. नामांकित कंपनीचा, कवच असलेला अडॅप्टर घ्या, त्याच्या वायरीला अडॅप्टरच्या अगदी जवळ फेराइटची, म्हणजे वायरीतला गोंगाट शोषून घेणारी, कडी अडकवा, दोन वेढे घेता आले तर आणखी चांगलं. वायर छताच्या कडेने नेताना रिसीव्हरपासून लांब ठेवा. मग खिडकीतून रिमोट दाबून बघा, तुमचं मोजमापाचं यंत्र तेच.

उत्तरा:
नवा अडॅप्टर आणि फेराइट लावलं. खिडकीतून गाडी पहिल्या दाबात उघडली. एक शेवटचं विचारते, आमच्या स्टेपनीत सेन्सर नाही. पंक्चर होऊन स्टेपनी लावली तर दिवा पुन्हा लुकलुकेल का?

चक्रधर:
हो, लुकलुकेल, कारण बदललेल्या चाकाचा क्रमांक ऐकू येणार नाही. घाबरू नका, मूळ चाक दुरुस्त होऊन परत बसलं की थोडं चालवल्यावर आपोआप जाईल. काही पिकअपमध्ये स्टेपनीतही पाचवा सेन्सर असतो, तिथे स्टेपनीची हवा उतरली तरी दिवा लागतो आणि लोक चारच चाकं मोजत बसतात. तुमच्यात तो नाही, म्हणजे स्टेपनीची हवा तुम्हालाच मोजावी लागणार. पिकअपची स्टेपनी गाडीच्या खाली, मीठ-चिखलात टांगलेली असते, तेव्हा मोजायला वाकाल तेव्हा तिची साखळी आणि तिला खाली सोडायचा रॉडही एकदा फिरवून बघा, गंजून अडकलेला नाही ना.